वैरणीच्या कपाटात खेळती हवा

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात येतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्षेत्रात आणि उजनी जलाशयाच्या काठी ऊस उभा दिसतो. परंतु जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही, त्या जिराईत गावांत पाऊस हुकला की प्रथम वैरणीची टंचाई भासते. सन २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत हे दोन्ही तालुके होते. दुग्धव्यवसायावर ज्यांचा प्रपंच चालतो, अशा कुटुंबांना त्या काळात थोडाही हिरवा चारा मोलाचा वाटतो. म्हणूनच मातीविना मका उगवून चारा तयार करण्याच्या पद्धतीकडे अनेक शेतकरी वळतात.

ही पद्धत सोपी आहे. भिजवून मोड आणलेला मका ट्रेमध्ये पसरून कपाटात ठेवतात व त्यावर वरचेवर पाण्याचा फवारा देतात. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या गोवा येथील संशोधन संकुलाने या चाऱ्यावर काम केले आहे. सुमारे आठवडाभरात १ किलो मक्यापासून साधारणपणे ५ ते ६ किलो ओला चारा मिळतो. मात्र कित्येक ठिकाणी चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रेवर पांढरी, पुढे हिरवी-काळी बुरशी चढते आणि सर्व बियाणे वाया जाते. दोष बियाण्यास दिला जातो. फुटके व कीडके दाणे आणि अस्वच्छ ट्रे हीही बुरशीची कारणे आहेतच. पण बियाणे निवडून, ट्रे धुऊनही बुरशी येत असेल, तर कपाटात कोंडलेली हवा तपासली पाहिजे.

हवा का कोंडते?

मोड आलेला दाणा श्वसन करतो. तो हवेतील प्राणवायू घेतो, साठविलेले पिष्ट खर्च करतो आणि कर्बवायू, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकतो. ओल्या धान्याच्या ढिगात हात घातला असता जी ऊब लागते, ती हीच होय. बंद कपाटात ही ऊब व वाफ साचते. पानांवर दव धरते, मुळांच्या जाळीत पाणी तुंबते आणि बुरशीला हवे तसे वातावरण आयते मिळते. कपाटावर प्लास्टिकचा कागद चोहोबाजूंनी गुंडाळल्यास ओल टिकते खरी, पण बुरशीही वाढते.

कपाटाची रचना

गरम हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागी खालून थंड हवा येते. या नियमावरच सर्व योजना करावी. समजा, कपाट ६ फूट उंच, ४ फूट रुंद व २ फूट खोल आहे. त्यात चारच फळ्या बसवाव्यात. कारण चारा ८ ते १२ इंच वाढतो व त्याच्या शेंड्यावरून हवा वाहण्यास जागा उरली पाहिजे. पुढील बाजूस तळाशी संपूर्ण रुंदीचा ४ इंच उंचीचा झरोका ठेवावा. मागील बाजूस माथ्याजवळ तेवढाच किंवा त्याहून मोठा झरोका ठेवावा. दोन्हींस जाळी लावावी. ट्रे मागील भिंतीस भिडवू नयेत; ३ इंचांची फट सोडावी. फळ्या सलग न करता पट्ट्यांच्या कराव्यात. ट्रेच्या तळाला छिद्रे असावीत व निथळलेले पाणी कपाटाबाहेर जावे.

कपाट सावलीत, परंतु मोकळ्या जागी असावे. गोठ्यातील मूत्राचा उग्र वायू आत येईल अशा ठिकाणी ते ठेवू नये.

पंखा बसवावयाचा झाल्यास तो माथ्यावर, हवा बाहेर फेकणारा असावा. वरील मापाच्या कपाटाचे आकारमान ४८ घनफूट होते. दर मिनिटास तेवढी हवा बाहेर फेकणारा लहान पंखा पुरेसा आहे. पंखा चालू असताना खालचा झरोका बंद ठेवू नये. वीज गेली तरी काम चालावे म्हणून झरोके मुळातच पुरेसे मोठे ठेवावेत.

ऋतुमानाप्रमाणे व्यवस्था

उन्हाळ्यात येथील हवा उष्ण व कोरडी असते. खालच्या झरोक्यावर ओले गोणपाट सैलसर टांगावे. त्यातून येणारी हवा थंड होते. गोणपाट घट्ट बसविल्यास हवाच अडते. ते वरचेवर धुऊन उन्हात वाळवावे. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने गोणपाट काढून टाकावे, फवारे कमी करावेत व बियाण्याचा थर पातळ ठेवावा. थंडीत रात्री खालचा झरोका निम्मा झाकावा, परंतु वरचा कधीही झाकू नये. कपाटातील उष्णता २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावी.

परीक्षा

हवा खेळते की नाही, हे एका उदबत्तीने कळते. पंखा बंद करून ती खालच्या झरोक्याजवळ धरावी. धूर आत ओढला गेला व वरच्या झरोक्यातून बाहेर पडला, तर रचना योग्य आहे. धूर जागीच घोटाळला, तर वरचा झरोका वाढवावा. फवाऱ्यानंतर तासाभरानेही पानांवर थेंब तसेच दिसत असतील, तर हवा अपुरी किंवा पाणी जास्त आहे असे समजावे.

दोन इशारे

बुरशी चढलेला चारा जनावरास मुळीच घालू नये. वरची बुरशी झटकून उरलेला घालणेही धोक्याचे आहे. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होते; ते जनावरास अपाय करते व दुधातही उतरते. असा चारा खड्ड्यात पुरावा आणि ट्रे धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

दुसरे असे की, चाऱ्याचे वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते. श्वसनात खर्च झाल्याने दाण्यातील शुष्क अंश उलट काहीसा घटतो. म्हणून हा चारा कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडब्याच्या जोडीने तो द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कपाट पाहावयास गेल्यावर प्रथम झरोके पाहावेत, मग बियाणे. ज्यांना नवे कपाट करावयाचे आहे, त्यांनी आधी एकाच फळीवर प्रयोग करून दोन हंगामांचा अनुभव घ्यावा व मगच खर्च वाढवावा. टंचाईच्या दिवसांत विकत घेतलेला मका बुरशीच्या हवाली होणे कोणाही शेतकऱ्यास परवडणारे नाही.