नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचाय? आधी मागच्या सहलीचे फोटो तपासा

सुट्टीची तिकिटे काढून झाली, हॉटेलचे बुकिंग झाले की अनेक घरांमध्ये एक विषय हमखास निघतो, ‘या वेळी नवा कॅमेरा घेऊया का?’ कपाटातला चार-पाच वर्षांपूर्वीचा मिररलेस कॅमेरा तसा ठणठणीत असतो, पण त्याच कंपनीचे नवे मॉडेल आलेले असते. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दिसू लागतात, दुकानदार एक्सचेंज ऑफर सांगतो आणि आपला कॅमेरा अचानक जुनाट वाटू लागतो.

मोह होणे साहजिक आहे, पण हा खर्च लहान नाही. चांगल्या मिररलेस कॅमेऱ्याची नुसती बॉडी आज लाखाच्या घरात जाते. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांची आणखी एक सहल होऊ शकते. म्हणून ‘नवा कॅमेरा चांगला आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. चांगला तर तो असतोच. प्रश्न असा विचारा, ‘माझ्या प्रवासातले जे फोटो बिघडतात, ते या कॅमेऱ्याने सुधारतील का?’

एक उदाहरण घेऊया

नीट समजावे म्हणून प्रवासात लोकप्रिय असलेल्या दोन छोट्या कॅमेऱ्यांची तुलना करूया. सोनी अल्फा ६४०० हा २०१९ साली आला आणि अल्फा ६७०० हा २०२३ साली. दोन्हींत एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा सेन्सर आहे. हा सेन्सर मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि वेगळा कॅमेरा बाळगण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आता आकडे बघा. जुन्याचे २४ मेगापिक्सेल, नव्याचे २६. ऐकायला फरक वाटतो, पण जुन्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो आणि नव्याचा ६१९२. म्हणजे रुंदीत जेमतेम ३ टक्क्यांची वाढ. ए-३ आकाराची, भिंतीवर लावण्याजोगी उत्तम प्रिंट काढायला साधारण ५००० पिक्सेल रुंदी पुरते. ती दोन्हींत आहे. अंधारात फोटो काढण्यासाठी जी आयएसओ मर्यादा असते, तीही दोघांची सारखीच म्हणजे ३२,००० आहे. भर दुपारी हंपीच्या दगडी रथाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलात, तर घरच्यांना कोणता कशाने काढला हे ओळखता येणार नाही.

मग चार वर्षांत बदलले काय? फोटो काढण्याची सोय. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, हे प्रवासातल्या खऱ्या प्रसंगांवर तपासूया.

अंधाऱ्या लेण्यांमध्ये

अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये चित्रे जपण्यासाठी फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड मंद असतो. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते. म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडे राहते, तेवढ्यात हात हलतो आणि फोटोही हलतो.

अल्फा ६७०० मध्ये सेन्सरच हलून हाताची थरथर भरून काढतो. ही सोय अल्फा ६४०० मध्ये नाही. कंपनीचा दावा पाच स्टॉपचा आहे. त्यातले तीन जरी हाती लागले, तरी जिथे एक साठांश सेकंद लागत होता तिथे एक अष्टमांश सेकंदावरही फोटो स्थिर येऊ शकतो. कॅमेऱ्याला आठपट उजेड मिळतो. पद्मपाणीच्या चित्रासाठी हा फायदा मोठा आहे.

पण थांबा. तुमच्या लेन्सवर ‘ओएसएस’ ही अक्षरे आहेत का ते बघा. असतील, तर थरथर कमी करण्याची थोडी सोय त्या लेन्समध्येच आहे. जुन्या कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १६-५० मिलिमीटरच्या किट लेन्समध्येही ती असते. अशा वेळी नव्या बॉडीमुळे पडणारा फरक तुम्हाला वाटतो त्याहून कमी असेल.

आणि ताजमहालच्या मुख्य कबरीच्या दालनात तर फोटो काढायलाच मनाई आहे. तिथे कोणताही कॅमेरा कामाचा नाही, डोळे भरून बघणे हेच खरे.

आरती आणि नाचणारी मुले

वाराणसीला दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची गंगा आरती सुरू आहे. पुजारी दिव्यांची जड आरती गोल फिरवत आहेत. इथेही उजेड कमी आहे, पण अडचण वेगळी आहे. इथे तुमचा हात हलत नाही, समोरचा माणूस हलतो आहे. कॅमेऱ्यातली स्थिरता तुमची थरथर थांबवते, पुजाऱ्याचा हात थांबवू शकत नाही. लग्नात नाचणारी मुले, गरबा, घोडदौड, सगळीकडे हेच.

यावर उपाय बॉडीत नाही, लेन्समध्ये आहे. किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर तिचे अपर्चर एफ ५.६ होते. सिग्माची १८-५० मिलिमीटरची लेन्स सगळीकडे एफ २.८ ठेवते. एफ ५.६ आणि एफ २.८ मध्ये उजेडाचा चौपट फरक असतो. म्हणजे जिथे आयएसओ ६४०० ठेवून फोटो दाणेदार येत होता, तिथे १६०० वर भागते. ही लेन्स जुन्या अल्फा ६४०० वरही लावता येते आणि तिची किंमत नव्या बॉडीपेक्षा बरीच कमी असते. तुमचे बिघडलेले फोटो बहुतेक असेच असतील, तर बॉडी राहू द्या, लेन्स घ्या.

पक्षी, प्राणी आणि धावपळ

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पाणपक्षी उडतो आणि फोकस मागच्या झाडावर बसतो. इथे मात्र नवा कॅमेरा खरोखर पुढे आहे. माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणे अल्फा ६४०० लाही चांगले जमते. अल्फा ६७०० मध्ये त्यासाठी वेगळा प्रोसेसर आहे. तो माणूस, प्राणी, पक्षी, कीटक, गाड्या, विमाने असे प्रकार ओळखतो. ज्यांच्या सहली जंगलाच्या आणि पाणथळींच्या असतात, त्यांच्यासाठी हे मोठे कारण आहे. मात्र पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्सही लागते, तो खर्च आधीच धरा.

व्हिडिओ काढणाऱ्यांसाठीही नव्यात बरेच आहे. चालता चालता काढलेला व्हिडिओ कमी हलतो. स्क्रीन बाजूला उघडून हवी तशी वळवता येते. जुन्याची स्क्रीन फक्त वर-खाली होते आणि स्वतःला बघण्यासाठी ती वर उलटवली, की वरती लावलेला माइक मध्ये येतो.

न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी

जाहिरातीत न दिसणारे काही फरक आधी माहीत करून घ्या.

बॅटरी : स्क्रीन वापरून जुना कॅमेरा एका चार्जिंगमध्ये सुमारे ४१० फोटो काढतो, नवा सुमारे ५७०. दिवसभराच्या भटकंतीत हा दिलासा आहे. पण दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. जुन्या जास्तीच्या बॅटऱ्या नव्यात चालणार नाहीत.

चार्जिंग : नव्यात यूएसबी-सी आहे, त्यामुळे मोबाइलच्या केबलने ट्रेनमध्येही चार्ज करता येतो. जुन्याला मायक्रो यूएसबीची वेगळी केबल लागते.

फ्लॅश : अल्फा ६४०० मध्ये वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे, ६७०० मध्ये नाही. सूर्य मागे असताना आजी-आजोबांचे चेहरे उजळायला तुम्ही तो वापरत असाल, तर त्याची उणीव जाणवेल.

लेन्स : त्याच कंपनीचा कॅमेरा घेतलात तर जुन्या लेन्स बहुधा चालतात. कंपनी बदललीत, तर लेन्सही नव्याने घ्याव्या लागतात आणि बजेट कोलमडते.

आणि हो, नवीन म्हणजे सगळे नवीन असेलच असे नाही. निकॉनचा २०२४ चा झेड ५०-२ फोकसच्या बाबतीत झेड ५० पेक्षा पुढे आहे, पण हाताची थरथर रोखणारी सोय दोघांच्याही बॉडीत नाही. नेमके तेच हवे असेल, तर नाव नवे असून उपयोग नाही.

खांद्याला विचारा

प्रवासात कॅमेऱ्याचे वजन हा किरकोळ मुद्दा नाही. एका खांद्यावर मुलाची बॅग, हातात पाण्याची बाटली आणि वर किल्ल्याची चढण असताना शंभर-दोनशे ग्रॅमही जाणवतात. अल्फा ६४०० किट लेन्ससह साधारण ५१९ ग्रॅम भरतो. अल्फा ६७०० वर सिग्माची लेन्स लावली की ७८३ ग्रॅम होतात. त्याच बॉडीवर पक्ष्यांसाठी ७०-३५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर १,११८ ग्रॅम.

घरी एक सोपा प्रयोग करा. तेवढ्या वजनाची साखरेची पिशवी खांद्याच्या बॅगेत घालून संध्याकाळी तासभर चाला, दोन-तीन जिने चढा. बॅग सारखी या खांद्यावरून त्या खांद्यावर जात असेल, तर समजून घ्या. सहलीच्या तिसऱ्या दिवशी तो कॅमेरा हॉटेलच्या खोलीत राहील आणि फोटो मोबाइलवरच निघतील.

बिघडलेल्या फोटोंचे चार गट

आता मुख्य काम. मागच्या दोन सहलींचे सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा. चांगले बाजूला ठेवा आणि बिघडलेल्यांचे चार गट करा.

पहिला गट, समोरचे सगळे स्थिर असूनही फोटो हलला आहे. इथे स्टॅबिलायझेशन असलेली बॉडी किंवा लेन्स कामाची.

दुसरा गट, माणसे किंवा वस्तू हलल्या आहेत, किंवा फोटो फार दाणेदार आला आहे. इथे मोठ्या अपर्चरची लेन्स हवी.

तिसरा गट, फोकस चुकीच्या जागी बसला आहे. आधी कॅमेऱ्याच्या मेन्यूत डोळ्यांवरचा फोकस सुरू आहे का ते बघा. सुरू असूनही पक्षी आणि प्राणी सुटत असतील, तर नवी बॉडी योग्य.

चौथा गट, फोटो स्पष्ट आहे पण बघावासा वाटत नाही. भर दुपारचे कडक ऊन, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, सगळे रांगेत ताठ उभे. यावर कोणताही कॅमेरा चालत नाही. सकाळी तासभर लवकर उठणे आणि दोन पावले सरकणे हा यावरचा फुकटचा उपाय आहे.

ज्या गटात सर्वाधिक फोटो, तिथे पैसे घाला. चौथा गट सगळ्यात मोठा निघाला, तर पैसे वाचले म्हणून आनंद माना. फोटो फक्त मोबाइलवर बघून कुटुंबाच्या ग्रुपवरच जात असतील आणि ते बहुतेक दिवसाउजेडीचे असतील, तरीही घाई नको.

घ्यायचे ठरलेच तर

पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली अशा शहरांत कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारसाठी घेऊन घरच्यांसोबत एखाद्या ठिकाणी जाऊन या. दुकानातल्या पाच मिनिटांपेक्षा हे दोन दिवस जास्त सांगतात.

भारतातले पक्के बिल आणि कंपनीची वॉरंटी घ्या. जुनी लेन्स घेत असाल, तर मागून टॉर्च मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तपासा. कोकण, गोवा, केरळसारख्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या टोके झाकून हातातल्या बॅगेत ठेवा.

नवा कॅमेरा सहलीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. निदान तीन आठवडे आधी घ्या आणि घरात, बाजारात, बागेत रोज थोडे फोटो काढा. बटणे बोटांना पाठ झाली की प्रवासात मेन्यूत डोके घालावे लागत नाही.

शेवटी एक काम सगळ्यांसाठी. मागच्या सहलीचे फोटो चाळताना हेही बघा, की नेहमी फोटो काढणारी व्यक्ती किती फोटोंत दिसते. बहुतेक घरांत ती आई किंवा बाबा असते आणि अल्बममध्ये जवळजवळ नसतेच. या वेळी कॅमेरा जुना असो वा नवा, रोज थोडा वेळ तो मुलांच्या हातात द्या. तुम्हीही त्या फोटोंमध्ये असायला हवे.