घरी जोडलेला अँप्लिफायर

तुमच्याही घरी माळ्यावर एखादा मुका स्पीकर पडलेला असेल. वर्ष-दोन वर्षं गायला, मग त्याची बॅटरी फुगली, आणि दुकानदार म्हणाला, "ताई, हा उघडत नाही, नवीनच घ्या." आमच्याकडे असे दोन जमले, तेव्हा मी ठरवलं की तिसरा विकत आणायचा नाही. घरीच जोडायचा.

हसू नका. आमचे हेसुद्धा हसले होते.

गरज होती आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. वय अठ्ठ्याहत्तर. शेगाव आमच्या खामगावपासून जवळच, त्यामुळं गजानन विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय त्यांनी जन्मभर स्वतः वाचले. गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं आणि पोथी मिटली. मी मोबाईलवर लावून देऊ लागले, तर पाच मिनिटांत उठायच्या. "हा मानूस डब्यात तोंड घालून बोलून राह्यला का वं?" म्हणायच्या. आवाज वाढवला की तो नुसता चिरकायचा. पुढे पुढे तर त्या "राहू दे" म्हणून पडूनच राहायच्या. वाचणं गेलं ते गेलं, आता ऐकणंही जातंय, हे मला बघवेना.

आधी कान दाखवले. तुम्हीही हेच आधी करा. वयस्क माणसाला ऐकू येईनासं झालं की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, पण कानात नुसता मळ साठलेला असतो, असंही होतं. आत्याबाईंचा बराच मळ निघाला. नंतरच्या तपासणीत कळलं की त्यांना बारीक, उंच स्वर कमी ऐकू येतात. वयोमानानं आधी तेच जातात. स, श, च, त ही अक्षरं ओळखू येतात ती त्याच स्वरांवरून. म्हणून आवाज कानावर पडतो, पण शब्द कळत नाही. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला खर्ज नसतो आणि तो वाढवला की फाटतो, मग शब्द आणखीच हरवतो. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं आहे आणि ते हवंच. अँप्लिफायर काही त्याची जागा घेत नाही. पण घरात स्वच्छ, न फाटणारा आवाज जवळून आला तर पुष्कळ फरक पडतो.

हाय-फाय म्हणतात ते हेच, बरं का. हाय-फाय म्हणजे मोठा आवाज असा आपला समज लग्नाच्या मांडवांनी करून दिला आहे. मूळ आवाज होता तसाच ऐकू येणं, एवढाच त्याचा अर्थ. आणि वॅटच्या आकड्यांना भुलू नका. आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. बैठकीच्या खोलीत पोथी ऐकायला एक वॅटही रगड झाला.

माझा या विषयाशी पहिला संबंध १९८४ सालचा. माझ्या दादानं तेव्हा टीबीए ८१० या आयसीचं सात वॅटचं किट आणलं होतं. आठवडाभर मी त्याच्याशेजारी बॅटरी धरून बसले, पण सोल्डरिंग आयर्नला मात्र हात लावू दिला नाही. "तुला शॉक बसेल." त्याला दोनदा बसला.

या खेपेला भाचीनं सुचवलेलं टीडीए २००३ चं स्टिरिओ किट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलं. ही आयसी मुळात मोटारीतल्या रेडिओसाठी केलेली, म्हणून बारा व्होल्टवर चालते. पाच पायांची, नखाएवढी. डाव्या-उजव्या बाजूला एकेक. चार ओहमच्या स्पीकरला बारा व्होल्टवर ती साधारण चार वॅट देते. अकोल्याहून पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, साधा मल्टिमीटर आणि बारा व्होल्ट तीन अँपिअरचा तयार अडॅप्टर आणला. अडॅप्टर प्रमाणित, शिक्का असलेलाच घ्या. दादाच्या वेळी ट्रान्सफॉर्मर, डायोड सगळं त्याच डब्यात असायचं आणि शॉक तिथेच बसायचा. आपण २३० व्होल्टची वायर पेटीत आणायचीच नाही. डब्यात येईल ती फक्त बारा व्होल्टची, मग भीती कसली?

सोल्डरिंग म्हणजे काय, हे कल्हईवाला बघितलेल्या बायकांना सांगायला नको. तो नवसागर टाकून कथील फिरवायचा. इथे कथलाच्या तारेच्या पोटातच राळ असते. मात्र या तारेत शंभरातले साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असतं. म्हणून हे काम ओट्यावर, पोळपाटाजवळ करायचं नाही. खिडकीपाशी वेगळं टेबल घ्या, धूर नाकात जाऊ देऊ नका, हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांना तिथे बसवू नका.

आयर्नचं टोक पट्टीला आणि पायाला एकदमच टेकवायचं, एक-दोन श्वास थांबायचं, मग तार टोकाला नव्हे तर सांध्याला लावायची. सांधा चकचकीत आणि उतरता दिसला की जमला. साबुदाण्यासारखा मळकट गोळा बसला की पुन्हा तापवा. माझे पहिले आठ-दहा सगळे साबुदाणेच होते. त्यानंतर हात बसला. पापड लाटण्यापेक्षा सोपं आहे, खरंच.

कपॅसिटर उलटा लावू नका. गोल डबीसारखे जे असतात त्यांच्या अंगावरच्या पट्ट्याकडचा पाय वजा, आणि लांब पाय अधिक. उलटा लागला तर फुटतो. हे मला ठाऊक होतं, त्यामुळं त्यात चूक झाली नाही. झाली ती दुसरीकडेच.

सगळं जोडून बटण दाबलं. डावी बाजू सुरेख बोलली. उजवी नुसती कुजबुजली, आणि तिची आयसी हात लावू देईना इतकी तापली. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "झालं?" त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सातशे-आठशे रुपयांचं दुःख नव्हतं. आत्याबाई समोर खुर्चीत येऊन बसल्या होत्या, आणि त्यांनी परत "राहू दे" म्हटलं होतं.

सकाळी उजेडात भिंग घेऊन एकेक रेझिस्टर तपासला. या किटमध्ये प्रत्येक बाजूला एक २२० ओहमचा आणि एक २.२ ओहमचा असतो. एकावर लाल, लाल, तपकिरी पट्टे, दुसऱ्यावर लाल, लाल, सोनेरी. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि सोनेरी सारखेच दिसतात, आणि मी उजव्या बाजूला त्यांची अदलाबदल केली होती. या दोघांच्या प्रमाणावरच आवाज किती पट वाढायचा ते ठरतं. बरोबर बसले तर सुमारे शंभर पट, उलटे बसले तर वाढतच नाही. दोन्ही काढून जागा बदलल्या. आयसी वाचली होती, तापल्यावर स्वतःला आवरण्याची सोय तिच्यातच असते. तेव्हा तुम्ही प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरनं मोजून घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. आणि स्पीकर जोडण्याआधी आयसीच्या चौथ्या पायावर व्होल्टेज बघा. अडॅप्टरच्या साधारण निम्मं, म्हणजे सहाच्या आसपास हवं.

आपल्याकडे उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बुलढाणा घाटावर आहे, तिथल्या बायकांचं एक बरं आहे. पण खामगाव, मलकापूर, शेगावकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. किटबरोबर मिळालेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तिथे पुरत नाही. मी तळहाताएवढा जाड पत्रा घेतला, मध्ये पांढरी पेस्ट लावून आयसी त्यावर स्क्रूनं घट्ट आवळली. पेटीला वर आणि खाली भोकं हवीत. फ्रिजवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, आणि वर क्रोशाचा रुमाल मुळीच घालू नका, कितीही शोभला तरी!

स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर तो पोकळ वाजतो, त्याला लाकडी पेटी लागतेच. सुतारानं जुन्या कपाटाच्या प्लायवूडच्या दोन करून दिल्या. आत भरायला मी जुन्या गादीचा कापूस पिंजून घातला. पेटीतला घुमारा त्यानं शोषला जातो. ज्या कापसापायी १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो असाही कामी येतो. कापूस आयसीच्या पेटीत मात्र भरायचा नाही, फक्त स्पीकरच्या.

पेट्या आत्याबाईंच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ठेवल्या. लांब ठेवून आवाज चढवण्यापेक्षा जवळ ठेवून तो बेताचा ठेवलेला बरा. शेजाऱ्यांनाही आणि कानांनाही. पहिल्या दिवशी त्यांनी तीन अध्याय बसून ऐकले. मध्येच मान वळवून पेटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता कसा, बाजूला बसून बोलून राह्यला."

सगळा खर्च दीड हजाराच्या आत झाला, सुताराचे पैसे धरून. दोन महिन्यांनी आवाजाचं बटण खरखरायला लागलं, ते मीच उघडून साफ केलं. बटणावर लाल नेलपॉलिशचा ठसठशीत ठिपका दिला आहे. ठिपका वर आला की आत्याबाईंचा आवाज, खाली गेला की बंद. तेवढं त्यांना दिसतं. परवा मी भाजी आणायला गेले होते तेव्हा त्यांनी स्वतःच लावला होता. दार उघडायला कोणी येईना, म्हणून दहा मिनिटं पायरीवर बसले.