गावाच्या जागेत विष जपून
सन २०१३ च्या जुलै महिन्यात बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शाळा, चावडी व धान्यकोठार या साऱ्या गावाच्या जागा. तेथे विषारी औषध हा शेवटचा उपाय समजावा. प्रथम केरकचरा काढावा, साचलेले पाणी वाहते करावे, भिंतींच्या भेगा व उंदरांची बिळे बुजवावीत, सापळे लावावेत. तरीही फवारणी अटळ ठरल्यास ती सुटीच्या दिवशी जाणकाराच्या देखरेखीखाली करावी व तसा फलक लावावा. औषध कुलपात, अन्नापासून दूर ठेवावे. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. कितीही धुतला तरी तो स्वयंपाकघरात वर्ज्यच होय.