विश्वास डळमळला तर तारण जातं का? ख्रिस्ती धर्मातला ४०० वर्षांचा वाद

घरातला मृत्यू, लांबलेलं आजारपण, फळाला न आलेली प्रार्थना. अशा काळात अनेक ख्रिस्ती भाविकांना प्रश्न पडतो : आपला विश्वासच आटला, तर मिळालेलं तारणही जाईल का? या प्रश्नाचं एक ठाम उत्तर १६१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट (डॉर्ड्रेख्त) शहरात दिलं गेलं.

वाद काय होता?

धर्मपंडित याकोबस आर्मिनियस यांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले. खरा विश्वासणारा कृपेपासून ढळू शकतो का, हे बायबलमधून आणखी तपासायला हवं, असं पाचव्या मुद्द्यात म्हटलं होतं. हा वाद मिटवण्यासाठी १६१८-१९ मध्ये डॉर्टची धर्मसभा भरली.

धर्मसभेने काय ठरवलं?

देव ज्याला खरा विश्वास देतो, त्याला तो शेवटपर्यंत सांभाळतो. भाविक स्वतःच्या बळावर टिकू शकत नाही, हेही सभेने मान्य केलं. तो घसरतो, कधी वाईट रीतीने घसरतो. त्यासाठी दावीद आणि पेत्र यांची उदाहरणं देण्यात आली. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं. पण त्याचा विश्वास खचू नये म्हणून येशूने आधीच प्रार्थना केली होती, असं लूकचं शुभवर्तमान सांगतं.

मग कसंही वागलं तरी चालतं का?

नाही. पापामुळे विवेकाला जखम होते आणि काही काळ कृपेची जाणीवही हरपते, असं सभेने बजावलं. देव सांभाळतो तो वचनाचं श्रवण, मनन आणि संस्कार यांच्याद्वारे. ती साधनं टाकून नव्हे.

सगळ्या ख्रिस्ती पंथांना हे मान्य आहे का?

नाही. विशेष प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच, अशी पूर्ण खात्री कुणी बाळगू नये, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्येच ठरवलं होतं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांच्या मतेही खरा भाविक विश्वासापासून ढळू शकतो. या मताचे लोक इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या कडक इशाऱ्याकडे बोट दाखवतात. डॉर्टची परंपरा मानणारे म्हणतात, असे इशारे देऊनच देव भाविकाला जागं ठेवतो.

खचलेल्या भाविकाला मात्र दोन्ही बाजू एकच सल्ला देतात : प्रार्थना आणि मंडळीची सोबत सोडू नये.