कालव्याला पाणी, टेलला कोरड : घरच्या संगणकाला बिनतारी इंटरनेट जोडताना



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खतांच्या मात्रा आणि हुमणी याबद्दल लिहितो. या अंकात विषय थोडा निराळा आहे. पण गटात फिरताना हल्ली उसाच्या खालोखाल हाच प्रश्न आम्हाला विचारला जातो, म्हणून लिहीत आहोत.

१९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, वजन, बिल यांची माहिती सभासदाला गावातल्या केंद्रावर संगणकावर मिळावी, हा त्यामागचा हेतू. त्या वेळी संगणक पाहायला केंद्रावर जावे लागे. आज संगणक घरात आला, फायबरची तार दारापर्यंत आली. अडले आहे ते दारापासून आतल्या खोलीपर्यंत!

गेल्या पावसाळ्यात आडसालीच्या नोंदी घेत आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. त्यांची मुलगी दहावी झालेली, तिला डिप्लोमाला जायचे. तंत्रनिकेतनांची पसंतीक्रमाने यादी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर भरताना क्रम एकदा चुकलेला, म्हणून ती आतल्या खोलीतल्या संगणकावर बसलेली. आणि नेट मिनिटा-मिनिटाला तुटत होते.

“साहेब, दुकानदार म्हणतोय हे मशीनच गेलंय, नवं घ्या. आता उसाचा पुढचा हप्ता आला की घालतो त्यात,” सभासद म्हणाले.

इथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हीच तक्रार केली, तेव्हा “मोठा प्लॅन घ्या” असा सल्ला आम्हीच दिला होता. त्यांनी तो घेतला. महिन्याचे पैसे वाढले, फरक काही पडला नाही. आमचा डिप्लोमा शेतीचा. न बघता सांगितले की असे होते. पीक न पाहता औषध सांगू नये, हे आम्हीच तुम्हाला सांगत असतो ना!

या वेळी मात्र बघितले. राऊटर पुढच्या सोप्यात, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. तिथून संगणकाच्या खोलीपर्यंत दोन दगडी भिंती. पूर्वी केबल होती, ती उंदरांनी कुरतडली. मग नखाएवढा ॲडॅप्टर आणून संगणकाच्या मागे खोचला होता. म्हणजे वर पत्र्याचा डबा आणि पाठीमागे भिंत.

आम्ही मुलीचा मोबाईल घेऊन राऊटरजवळ उभे राहिलो. नेट झकास. संगणकापाशी आलो, तर मोबाईललाही नीट मिळेना. मग मशीनचा दोष कसा? राऊटर कपाटामागून काढून मधल्या दाराजवळच्या फळीवर ठेवला. ॲडॅप्टर हातभर यूएसबी वायर जोडून टेबलावर उघड्यावर आणला. नेट टिकू लागले. यादी निम्मी भरली आणि साडेआठला लाईट गेली! तासाभराने आली. मग मुलीने एकेक नाव मोठ्याने वाचून क्रम लावला आणि अर्ज पक्का केला. पुढे तिला दुसऱ्या पसंतीचे तंत्रनिकेतन मिळाले.

निघताना सभासद म्हणाले, “म्हणजे साहेब, कालवा बरोबर होता, आमची चारीच फुटली होती.”

आमच्या सगळ्या सांगण्याचे तात्पर्य त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. आता क्रमाने काय करावे ते पाहू.

१. आधी दोष शोधा. वरीलप्रमाणे मोबाईल घेऊन एकदा राऊटरजवळ आणि एकदा संगणकाजवळ तपासा. राऊटरजवळच नेट सावकाश असेल तर तक्रार कंपनीकडे करा. तिथे चांगले आणि आत वाईट असेल तर दोष घरातला. तो मोठ्या प्लॅनने जाणार नाही. मोबाईलला दोन्हीकडे चांगले मिळते आणि संगणकालाच मिळत नाही, तर मात्र ॲडॅप्टर तपासा.

२. संगणकात सोय आहे का ते बघा. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आतच असते. टेबलावरच्या जुन्या संगणकांत बहुधा नसते, फक्त केबलचे भोक असते. मागच्या बाजूला अँटेना बसवायचे पितळी आट्यांचे दोन खुंट दिसले, तर सोय असण्याची शक्यता आहे. नसेल तर यूएसबीचा ॲडॅप्टर घ्यावा. साधा ॲडॅप्टर हजार रुपयांच्या आत येतो. खोली लांब असेल तर अँटेनावाला घ्या, नखाएवढा नको.

३. ड्रायव्हरची अडचण. ॲडॅप्टर लावल्याबरोबर चालला तर उत्तम. नाही तर त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि इंटरनेट तर अजून आलेले नाही! अशा वेळी मोबाईल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. तेवढ्यापुरते मोबाईलचे नेट संगणकाला मिळते. ड्रायव्हर ॲडॅप्टर बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्यावा.

४. दोन पट्टे. राऊटरवर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. ५ चा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ चा सावकाश, पण लांब जातो. आतल्या खोलीला २.४ लावून पाहावा. नावापुढे ‘५जी’ दिसले तर तो हाच ५ चा पट्टा, मोबाईलचा फाईव्ह-जी नव्हे. ॲडॅप्टर एकाच पट्ट्याचा असेल तर त्याला ५ चे नाव दिसणारच नाही.

५. राऊटरची जागा. घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर. लोखंडी कपाट, तिजोरी, पाण्याची टाकी, फ्रीज यांच्यामागे नको.

६. पासवर्ड. तो बहुतेक राऊटरच्या खाली छापलेला असतो. तो बदला आणि वहीत लिहून ठेवा. सगळ्या वाडीला वाटू नका. तुमच्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर पहिली विचारणा तुमच्याकडे होते.

७. लाईट. संगणकाला बॅकअप असून उपयोग नाही, राऊटर आणि फायबरची पेटी यांनाही हवा. त्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. घेताना व्होल्टेज जुळते का ते पाहावे.

आणि एक. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुन्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

राऊटर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर बिनतारीच्या भानगडीत न पडता केबल लावावी. ती स्वस्त आणि खात्रीची. फक्त उंदरांपासून सांभाळावी.

बंधूंनो, टेलला पाणी पोचत नाही म्हणून कोणी नवा कालवा खणत नाही. आधी चारीच्या कडेने चालत जातो. संगणकाचेही तसेच आहे. उसाच्या बिलाचा हप्ता नव्या मशीनमध्ये घालण्यापूर्वी मोबाईल हातात घेऊन सोप्यापासून आतल्या खोलीपर्यंत एकदा चालून पाहा. तरीही अडले तर गट कार्यालयात निरोप ठेवा. आम्ही येऊ, आणि या वेळी आधी पाहू, मग बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी