तांबडा काक्षी, निळसर राजन्य

हिवाळ्यात मृग नक्षत्र वर आलं की त्यातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर-पांढरा दिसतो. डोळ्यांना कळणारा हा फरक आकड्यांत कसा मांडायचा?

आधी तेज. त्याचं माप म्हणजे 'प्रत', आणि ती चालते उलटी: तारा जितका तेजस्वी, तितकी प्रत लहान. व्याधाची तर उणे १.४६! प्राचीन ग्रीकांच्या या ढोबळ वर्गवारीला गणितात बसवलं नॉर्मन पॉगसन यांनी, १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट. हेच पॉगसन पुढे मद्रास वेधशाळेत आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

रंगाची युक्ती त्याहून झकास. एकाच ताऱ्याची प्रत आधी निळ्या फिल्टरमधून मोजायची, मग हिरवट-पिवळ्यातून, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. अभिजितचं उत्तर शून्य धरलेलं आहे. राजन्यही शून्याच्या आसपासच. काक्षीचं मात्र १.८ च्या घरात. म्हणजे निळा प्रकाश फार कमी, पृष्ठभाग थंड: सुमारे ३,५०० केल्विन. राजन्यचा १२,००० च्या आसपास.

क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, त्यामुळे कुठलाही तारा लालसर भासतो. म्हणून प्रत ठाऊक असलेला शेजारचा तारा सोबत मोजावाच लागतो.

२०२० च्या फेब्रुवारीत काक्षी एरवीच्या ०.५ वरून १.६ प्रतीपर्यंत उतरला. त्याचा स्फोट होणार, अशी आवई उठली. प्रत्यक्षात त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती, असं बहुतेक संशोधक मानतात.