बढती मिळाली, पण घर कुठे? भाड्याच्या घराचीही पडतळ काढा

मालाची खरेदी करताना कोणताही जाणता व्यापारी केवळ गाठीवरचा भाव पाहत नाही. भाडे, हमाली, आडत, तूट आणि पैसा अडकून पडण्याचा काळ हे सारे धरून तो पडतळ काढतो. माल दुकानाच्या फळीवर येईपर्यंत कितीला पडला, हाच त्याचा खरा भाव. मात्र तोच व्यापारी, त्याचा मुनीम किंवा नोकरीला लागलेला त्याचा मुलगा बढतीवर दुसऱ्या शहरात निघतो तेव्हा फक्त दोन आकडे पाहिले जातात. नवा पगार किती आणि घराचे भाडे किती? बाकीचा खर्च तिथे पोहोचल्यावर कळतो आणि तोवर अनामत रक्कम दिलेली असते, मुलांचे दाखले काढलेले असतात, परतीची वाट बंद झालेली असते.

गेल्या काही वर्षांत आपल्या वाचकांच्या घरांतील मुले हिशेबनीस, गोदामप्रमुख, विक्री प्रतिनिधी, यंत्र दुरुस्ती करणारे कारागीर, पर्यवेक्षक अशा जागांवर दिसू लागली आहेत. मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी, रत्नागिरी येथून मुंबई-पुण्याला बदली होणे आता नवलाचे राहिलेले नाही. म्हणून या प्रश्नाचा हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीनेच मांडलेला बरा.

बारा हजारांची वाढ जाते कुठे?

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात २२ हजार पगारावर काम करणाऱ्या हिशेबनिसाला मुंबईत मंगळदास मार्केटच्या परिसरातील विक्री कार्यालयात ३४ हजारांवर बढती मिळाली. वाढ झाली १२ हजारांची. सोलापुरात घर वडिलोपार्जित आहे, म्हणजे भाडे नाही. कामावर जायला सायकल पुरते.

मुंबईत त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला कुर्ल्याचा. समजा एक खोली आणि स्वयंपाकघराचे भाडे १८ हजार, प्रवास ६०० रुपये. एकूण १८,६००. म्हणजे वाढीव पगार पुरा खर्ची पडून वर ६,६०० रुपयांची तूट. दुसरा मुंब्र्याचा. समजा भाडे ९ हजार, रेल्वेचा पास व स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा मिळून १,८००, मुलांच्या शाळेची रिक्षा १,५००. एकूण १२,३००. इथे तूट फक्त ३०० रुपयांची.

कागदावर मुंब्रा जिंकले. परंतु पडतळ अजून पुरी झालेली नाही. कुर्ल्याहून मस्जिद बंदर अर्ध्या तासाच्या आत-बाहेर येते. मुंब्र्याहून धिम्या लोकलने तासाभराहून अधिक लागतो, शिवाय स्टेशनपर्यंतचा वेळ वेगळा. जाऊन-येऊन दिवसाला दोन तासांचा फरक धरला तर २६ दिवसांत ५२ तास होतात. हे साडेसहा दिवसांचे काम झाले. ज्याला संध्याकाळी दोन दुकानांचे हिशेब लिहून चार पैसे जोडता येतात, त्याच्यासाठी या वेळेला रोख किंमत आहे.

आणखी एक बाब पुरुषमंडळी हिशेबात धरतच नाहीत. सोलापुरात घरातील बाई विड्या वळून किंवा शिलाई करून महिन्याला दोन-चार हजार मिळवत असेल, तर बदलीबरोबर ती कमाई बंद होते. म्हणून मोहल्ला निवडताना तिथे शिलाई, जरीकाम, पॅकिंग असे घरबसल्या काम मिळते का, याची चौकशी घरातील बाईनेच शेजारणींकडे करावी. ती माहिती दलालाकडे मिळत नाही.

घर आधी नको, रेल्वेचा मार्ग आधी

मुंबईत स्वस्त वस्ती शोधण्याचा पहिला नियम असा की, घर कामाच्या ठिकाणाहून किती किलोमीटरवर आहे हे पाहू नये. गाडी किती वेळा बदलावी लागते ते पाहावे. कार्यालय मस्जिद, भायखळा किंवा दादरला असेल तर मध्य रेल्वेवरील मुंब्रा, कळवा येथून सरळ जाता येते. कार्यालय अंधेरी-गोरेगावकडे असेल तर पश्चिम रेल्वेवरील मिरारोड बरे. नया नगरची वस्ती स्टेशनजवळच आहे. मुंब्र्याहून अंधेरीला जाणाऱ्याला दादरला गाडी बदलावी लागते किंवा घाटकोपरला उतरून जून २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो धरावी लागते. कुर्ल्याला मध्य आणि हार्बर असे दोन्ही मार्ग मिळतात, म्हणूनच तिथले भाडे चढे असते. काम भिवंडीच्या गोदामांत असेल तर भिवंडीतच राहणे शहाणपणाचे. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. तिथून मुंबईकडे सरळ लोकल नाही.

पुण्यातही हेच तत्त्व लागू होते. कोंढव्यात ओळखीपाळखी निघतात, मशीद-शाळा जवळ मिळते. परंतु नोकरी चाकण किंवा पिंपरीला असेल तर कोंढवा शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला पडतो. हडपसरला काम असेल तर गोष्ट वेगळी.

गाडीची गर्दी हाही खर्चच आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडून किमान चौघांचा बळी गेला. घर ठरवण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी त्या स्टेशनवरून एकदा प्रत्यक्ष प्रवास करून पाहावा. रविवारी दुपारी घर पाहायला गेलेल्याला सगळीच स्टेशने मोकळी दिसतात.

भाडे कमी का आहे, हे विचारा

बाजारात दोन रुपयांचा माल सव्वा रुपयात मिळू लागला की आपण कापड उलटेसुलटे करून पाहतो. घराचेही तसेच करावे. मुंब्र्याची वस्ती १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर झपाट्याने वाढली. घाबरलेली, घरदार गमावलेली कुटुंबे तिकडे गेली आणि त्या गरजेवर परवानगीशिवाय इमारतीही उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे दगावली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीच्या पटेल कंपाउंडमध्ये इमारत कोसळून ३५ हून अधिक जीव गेले. पहिली इमारत नवी होती, दुसरी जुनी. म्हणजे नुसते वय पाहून भागत नाही.

भाडेकरूनेही दोन कागद मागावेत. एक, महापालिकेची बांधकाम परवानगी. दुसरा, भोगवटा प्रमाणपत्र. मालमत्ता कराची पावती किंवा विजेचे बिल दाखवून वेळ मारून नेली जाते; पण यांपैकी कशानेही बांधकाम कायदेशीर ठरत नाही. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करण्याची इमारत. प्रभाग कार्यालयात जाऊन ही यादी पाहायला अर्धा दिवस लागतो. तो कामाची खाडा करूनही काढावा.

घराबरोबर गाळा किंवा छोटा कारखाना पाहणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी-चिखली भागात भंगार गोदामे आणि लहान कारखान्यांची अनधिकृत बांधकामे महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली. स्वस्त जागेतला धंदा एका आठवड्यात रस्त्यावर येऊ शकतो, हे अनेकांनी तिथे पाहिले.

‘हेवी डिपॉझिट’चा मोह

मुंबई-ठाण्याच्या अनेक मोहल्ल्यांत एक पद्धत आहे. मालकाला पाच-सात लाख रुपये एकरकमी द्यायचे, महिन्याचे भाडे नाही किंवा नावापुरते. घर सोडताना पूर्ण रक्कम परत. गावाकडची जमीन वा दागिना विकून आलेल्याला हा सौदा गोड वाटतो. पण नीट पाहता हा उधारीचा व्यवहार आहे आणि उधार देणारे आपण आहोत. मालक ती रक्कम बहुधा दुसरीकडे गुंतवून बसतो आणि आपली परतफेड पुढचा भाडेकरू मिळण्यावर अवलंबून राहते. इमारत बेकायदा निघाली किंवा घर आधीच बँकेकडे गहाण असले तर रक्कम अडकलीच. ज्या गिऱ्हाईकाला आपण पाच लाखांचा माल उधार देणार नाही, त्याच्या हाती पाच लाख अनामत ठेवू नये. ठेवायचीच तर ती बँकेमार्फत द्यावी आणि करारात आकड्यांत व अक्षरांत लिहून घ्यावी.

करार नोंदवलेलाच हवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि नोंदवणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा बोजा मालकावर येतो. उलट बाजूने, मुदत संपल्यावर लायसन्सवरील घर सोडले नाही तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दर साल दहा टक्के रक्कम धरून ती भाड्यात मिळवली जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. मध्यम भाड्याच्या घराला हा सारा खर्च दलालाला देण्याच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पडतो. शंभराच्या कागदावर नोटरी करून काम भागते, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. नोंदवलेला करारच पुढे आधार कार्डावरील पत्ता, गॅस आणि बँक यांना उपयोगी पडतो.

नाव ऐकल्यावर येणारा नकार

हा अनुभव अनेकांना येतो आणि त्याचा भाड्यावर थेट परिणाम होतो. शहरातील दहा वस्त्यांपैकी सहा बंद झाल्या की उरलेल्या चारांतील भाव चढतात. पुरवठा कमी, मागणी जास्त, हा बाजाराचाच नियम आहे. कायद्याची मदत इथे तोकडी आहे. भेदभाव न करण्याचे संविधानाच्या कलम १५ चे बंधन मुख्यतः शासनावर आहे, खाजगी घरमालकावर नाही. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा नियमही ग्राह्य धरला होता.

तरीही काही वाटा आहेत. मालक तयार आहे पण ‘सोसायटी परवानगी देत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा आदर्श उपविधी वाचायला सांगावे. त्यांनुसार सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचे असते. पूर्वपरवानगी लागत नाही. बिनवापर शुल्कही, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. दुसरी वाट म्हणजे करार कंपनीच्या नावे करणे. बढती देणाऱ्या मालकाला हे आधीच विचारावे. आणि दलालाला पहिल्याच भेटीत आपले पूर्ण नाव सांगून मगच घरे पाहावीत. त्यामुळे निदान चपला तरी झिजत नाहीत.

होकार देण्यापूर्वी

बढतीचे पत्र हाती घेण्याआधी चार गोष्टी शेठजींशी किंवा व्यवस्थापकाशी स्पष्ट बोलाव्यात. घरभाडे भत्ता किती? अनामत रकमेसाठी बिनव्याजी उचल मिळेल का? सामान हलवण्याचा खर्च कोण देणार? सहा महिन्यांत जमले नाही तर जुनी जागा परत मिळेल का? भत्ता मिळत असेल तर प्राप्तिकराची नवी पद्धत घेणाऱ्यास त्यावर सूट नाही, हेही हिशेबात धरावे.

शक्य असेल तर पहिले तीन महिने एकट्याने, चार जणांत खोली घेऊन राहावे. तेवढ्यात गाडी, पाणी, शाळा, शेजार सारे कळते. कुटुंब शाळेचे वर्ष संपल्यावर न्यावे. मध्येच न्यावे लागले तर घाबरू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. उर्दू माध्यमातील मुलांसाठी मात्र त्या माध्यमाची वरची इयत्ता जवळ आहे का, ते घर घेण्यापूर्वीच पाहावे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे अन्न सुरक्षा यादीतील कुटुंबाला धान्य नव्या वस्तीतील दुकानातही मिळते. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा.

एवढे करूनही हिशेब जमत नसेल तर नकार देण्यात कमीपणा नाही. वर सांगितलेल्या सोलापूरच्या हिशेबनिसाला कुर्ल्यात तोटा आणि मुंब्र्यात बरोबरी दिसते. घरातील बाईची कमाई बुडाली तर मुंब्र्यातही तोटाच. त्याने मालकापुढे हाच कागद ठेवावा आणि पाच हजारांचा घरभाडे भत्ता मागावा. व्यापारी असलेला मालक पडतळ वाचू शकतो. त्याने भत्ता मान्य केला तर बढती खरी. नाही केला तर तो केवळ मोठ्या शहरातला जुनाच पगार आहे.